कन्फेशन, दुखणं आणि परमप्रसाद: इंदूरच्या मराठी नवख्यांसाठी

इंदूरला मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, बहुतेक हिंदीत होते, काही ठिकाणी इंग्रजीत. वसई किंवा नगर-श्रीरामपूरकडून नोकरीसाठी आलेला मराठी कॅथलिक आधी शब्दांशीच अडखळतो. फादरांपुढे पापं सांगून क्षमा मागणं, घरी ज्याला कुमसार किंवा कन्फेशन म्हणायचे, ते इथे 'पापस्वीकार'. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाला 'चालीसा', क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला 'क्रूस रास्ता', उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारला 'राख बुध' आणि कम्युनियनला, म्हणजे मिस्सेत घ्यायच्या पवित्र भाकरीला, 'परमप्रसाद'. एवढे पाच शब्द पाठ केले की नोटीस बोर्ड वाचता येतो.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे: नुकताच बाप्तिस्मा झालेले, आणि दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा चर्चची पायरी चढणारे. बाप्तिस्मा व्हायचा असेल तर कन्फेशनच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. बाप्तिस्म्यानेच आधीची सगळी पापं धुतली जातात, आणि बाप्तिस्म्याशिवाय कन्फेशनमधली पापमुक्ती देता येत नाही. तोवर पश्चात्ताप आणि प्रार्थना मात्र कोणीही करू शकतो.

'झालं' की 'केलं'

पश्चात्ताप म्हणजे काय, याची व्याख्या ट्रेंटच्या धर्मसभेने, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेने, १५५१ साली करून ठेवली आहे. केलेल्या पापाबद्दल मनाचं दुःख, त्या पापाचा तिटकारा आणि पुन्हा न करण्याचा निश्चय, असे तिचे तीन भाग. डोळ्यांत पाणी येणं त्यात नाही. पुष्कळ लोक 'मला रडू आलं नाही, म्हणजे पश्चात्ताप खरा नाही' असं समजून वर्षानुवर्षं कन्फेशन टाळतात. रडू येणं हा स्वभावाचा भाग. निश्चय इच्छेचा असतो आणि मोजायचा तो निश्चय.

पस्तावा वेगळा. स्कूटर उगाच विकली, याचा पस्तावा होतो. पकडले गेलो याची लाज वाटते. यात देवाचा आणि ज्याला दुखावलं त्याचा विचारच नसतो. कसोटी सोपी आहे: कोणालाच कधी कळलं नसतं, तरी हे केल्याचं वाईट वाटलं असतं का?

चर्च पश्चात्तापाचे दोन प्रकार मानतं. देवावरच्या प्रेमापोटी वाटणारा तो परिपूर्ण, आणि शिक्षेच्या भीतीने किंवा पापाच्या ओंगळपणाने वाटणारा तो अपूर्ण. कन्फेशनला जायला अपूर्ण पुरतो. हे मुद्दाम सांगतो, कारण भीतीपोटी आलेला माणूस स्वतःला ढोंगी समजतो. तो ढोंगी नाही, त्याची सुरुवात तिथून झाली आहे एवढंच. परिपूर्ण पश्चात्तापाने गंभीर पापाचीही क्षमा मिळते, पण शक्य तितक्या लवकर कन्फेशनला जायचा पक्का इरादा त्यात असावाच लागतो.

आता आपल्या भाषेची एक खोड. मराठीत चूक आपोआप 'होते'. 'तोंडातून निघून गेलं', 'हात उचलला गेला', 'माझ्याकडून झालं'. करणारा वाक्यातून गुपचूप बाहेर पडतो. हिंदीतही 'हो गया' आहेच. रात्री दहा मिनिटं बसून आत्मपरीक्षण करताना प्रत्येक वाक्य 'मी' ने सुरू करून 'केलं' वर संपवून पाहा. 'घरात भांडण झालं' या वाक्यात पाप सापडत नाही. 'मी आईला सगळ्यांसमोर तुझं आता काय काम, असं म्हणालो' यात सापडतं. पश्चात्ताप वाटत नाही अशी तक्रार असलेल्यांना हा एक बदल आम्ही आधी सुचवतो, आणि बहुतेकांना तिथेच घसा दाटतो.

कन्फेशनला जाताना

वेळ बोर्डवर लिहिलेली असते, किंवा ऑफिसात विचारा. पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, रांग लांब लागते आणि फादरांना प्रत्येकाला दोन मिनिटंही देता येत नाहीत. पहिल्यांदा जाणाऱ्याने किंवा बऱ्याच वर्षांनी जाणाऱ्याने चालीसा निम्मा होण्याच्या आत जावं, आणि शक्यतो आधी सांगून वेगळी वेळ मागावी. 'फादर, पंधरा वर्षांनी येतोय' एवढं फोनवर सांगायला काही हरकत नाही. फोनवर पापं मात्र सांगायची नाहीत. फोन किंवा व्हॉट्सअॅपवरून हा संस्कार होत नाही, प्रत्यक्ष समोर जावं लागतं.

भाषेची भीती नको. इथले फादर केरळचे, झारखंडचे किंवा झाबुआकडचे असू शकतात, त्यांचीही हिंदी घरची नसते. मोडक्या हिंदीत सांगितलेलं पाप पूर्ण सांगितलेलं असतं. अगदीच जमत नसेल तर दुभाष्या घेण्याची मुभा चर्चच्या कायद्यात आहे, आणि गुप्ततेचं बंधन त्या दुभाष्यालाही लागू असतं. फादरांच्या गुप्ततेला तर अपवादच नाही. पोलिसांपुढे नाही, न्यायालयात नाही, तुमच्या बायकोसमोरही नाही.

आत गेल्यावर क्रम असा:

१. क्रुसाची खूण करा. जाळीच्या आड गुडघे टेकले किंवा समोरासमोर बसलात, दोन्ही चालतं.

२. मागचं कन्फेशन केव्हा झालं ते सांगा. नेमकं आठवत नसेल तर 'लग्नाच्या आधी, अंदाजे बारा वर्षं' असं. लग्न झालंय की नाही, काम काय करता, हे एका वाक्यात सांगितलं तर फादरांना सल्ला देणं सोपं जातं.

३. पापं सांगा. गंभीर पापांचा प्रकार आणि साधारण संख्या सांगणं आवश्यक आहे. गंभीर पापाच्या तीन अटी आहेत: गोष्ट गंभीर, ती गंभीर असल्याची पूर्ण जाणीव, आणि जाणूनबुजून दिलेली संमती. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर ते त्या अर्थाने गंभीर पाप नाही. किरकोळ पापं सांगणं सक्तीचं नाही, पण चांगलं. शेवटी 'ही आणि आठवत नसलेली सगळी' असं म्हणा.

४. फादर प्रायश्चित्त देतील. ते जमणार नसेल तर तिथेच सांगा, बदलून मिळतं. रात्रपाळी करणाऱ्याला रोज संध्याकाळची मिस्सा दिली तर ती निभणार कशी?

५. पश्चात्तापाची प्रार्थना म्हणा. पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत: 'देवा, मी तुझं मन दुखावलं याचं मला दुःख आहे. तू प्रेम करण्याजोगा आहेस आणि मी पाठ फिरवली. तुझ्या कृपेने पुन्हा तसं करणार नाही, आणि ज्या गोष्टी मला तिकडे ओढतात त्या टाळीन.'

६. फादर हात पुढे करून पापमुक्तीचं सूत्र म्हणतात. तेव्हा गप्प राहून ऐका. आपलीच प्रार्थना चालू ठेवल्याने ते शब्द अनेकांच्या कानावरच पडत नाहीत, आणि मग घरी जाऊन शंका: झालं की नाही?

चुका कुठे होतात? कथा सांगण्यात. नणंदेचा स्वभाव, तिच्या नवऱ्याचा व्यवहार, मागच्या दिवाळीत काय घडलं, असं दहा मिनिटं चालतं आणि स्वतःचं पाप शेवटी अर्ध्या वाक्यात उरतं. त्या दहा मिनिटांत नणंदेचं कन्फेशन होतं. दुसरी चूक 'मी पापी आहे' असं ढोबळ सांगण्याची, जे खरंच असतं पण उपयोगाचं नसतं. कागदावर टिपण न्यायला हरकत नाही, फक्त नंतर फाडून टाका. मोबाईलमधलं पुसून टाका.

गंभीर पाप विसरलात तर क्षमा मिळालेलीच आहे, पुढच्या वेळी तेवढं सांगा. मुद्दाम लपवलंत तर ते कन्फेशन पोकळ ठरतं, बाकीची सांगितलेली पापंही अडकतात. मग ते लपवलेलं आणि त्यानंतरचं सगळं पुन्हा सांगावं लागतं. लाजेचं पाप सगळ्यांत आधी सांगून टाकावं, पुढचं आपोआप हलकं होतं.

नुकसान भरून देणं हा पश्चात्तापाचाच भाग आहे. वाटणीच्या कागदावर भावाची खोटी सही केली असेल तर तीन 'प्रणाम मरिया' म्हणून जमीन आपली होत नाही. पैसे परत करता येतात, नाव न सांगताही करता येतात. बदनामी केली असेल तर ते फार अवघड. पसरलेलं पुन्हा गोळा करता येत नाही, तरी जिथे बोललो तिथे जाऊन 'मी चुकीचं सांगितलं होतं' म्हणायचं.

फक्त कोर्टात किंवा देवळात लग्न झालेल्या कॅथलिकांनी एक लक्षात ठेवावं: आधी फादरांना ऑफिसात भेटा. कन्फेशनच्या रांगेत पाच मिनिटांत सुटणारा हा विषय नाही, आणि तिथे पापमुक्ती मिळाली नाही तर माणूस कायमचा दुरावतो. पुष्कळदा चर्चमध्ये लग्नाची रीत पूर्ण करून मार्ग निघतो.

आणि ज्यांना दर दोन दिवसांनी तीच पापं पुन्हा सांगाविशी वाटतात, त्यांनी एकच फादर धरावेत आणि ते 'आता नको' म्हणाले की ऐकावं. तो पश्चात्ताप नव्हे, ती मनाची व्याधी असते, आणि कधीकधी डॉक्टरही लागतो.

उपवास: किती, कशाचा

मराठी 'उपवास' आणि चर्चचा उपवास यांत गल्लत होते. आपल्याकडे काय खायचं ते ठरलेलं: साबुदाणा, भगर, रताळं. किती, ते नाही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपणच केली. चर्चचा उपवास प्रमाणाचा आहे. दिवसात एक पूर्ण जेवण, आणि दोन वेळा थोडं खाणं, पण ती दोन्ही मिळून पूर्ण जेवणाएवढी होऊ नयेत. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवशी १८ पूर्ण झालेल्यांपासून ५९ वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना हा लागू. १४ पूर्ण झालेल्यांनी त्या दिवशी मांसही वर्ज्य करायचं. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतली साबुदाणा खिचडीची भरलेली प्लेट म्हणजे एक जेवण, तिला 'फराळ' म्हणून सुटका नाही.

शाकाहारी घरातल्या माणसाला मांसत्याग म्हणजे काहीच नाही. अशांनी खरोखर जाणवेल असं काही सोडावं. इंदुरात जेवणावर शेव न घालता चाळीस दिवस काढून बघा, म्हणजे कळेल.

परमप्रसाद घेताना

'परमप्रसाद' शब्द सुंदर आहे, पण त्यामुळे एक घोळ होतो. प्रसाद नाकारायचा नसतो, सगळ्यांना द्यायचा असतो, घरी न्यायचा असतो, कागदात बांधून शेजारणीलाही द्यायचा असतो. इथे यातलं काही लागू नाही. बाप्तिस्मा झालेल्या, पहिलं कम्युनियन घेतलेल्या आणि गंभीर पापाची जाणीव नसलेल्या कॅथलिकानेच तो घ्यावा, आणि तिथल्या तिथे खावा. मिस्सेला सोबत आलेल्या हिंदू मावशींना हे रांग लागायच्या आधीच सांगून ठेवा. वेदीसमोर त्यांचा हात पुढे झाल्यावर सांगणं दोघांनाही ओशाळवाणं होतं. त्यांनी जागेवर बसून राहिलं तर कोणी वळूनही बघत नाही. काही चर्चमध्ये हात छातीवर आडवे धरून गेलं की फादर आशीर्वाद देतात.

स्वतःला गंभीर पापाची जाणीव असेल तर आधी कन्फेशन, मग परमप्रसाद. सगळे उठले म्हणून आपणही उठू नये. तीच गोष्ट उलटही आहे: किरकोळ चिडचिड झाली म्हणून महिनोन्महिने परमप्रसादापासून दूर राहणं हाही चुकीचा हिशेब. वर्षातून एकदा, पास्काकाळात म्हणजे ईस्टरच्या काळात, तो घेणं हे कमीत कमी बंधन आहे, आणि गंभीर पापांचं कन्फेशनही वर्षातून एकदा तरी.

आधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही. पाणी आणि औषध चालतं. हा तास मिस्सेच्या सुरुवातीपर्यंत मोजायचा नसून परमप्रसाद घेण्याच्या क्षणापर्यंत मोजायचा. आठची मिस्सा असेल आणि परमप्रसाद पावणेनऊच्या सुमारास होत असेल, तर रविवारचे पोहे-जिलबी पावणेआठच्या आत संपलेले हवेत. बडीशेप, सुपारी, च्युइंगम हेही खाणंच. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना या तासाचं बंधन नाही. १९५७ पूर्वी हा उपास मध्यरात्रीपासून असे, मग तीन तासांचा झाला आणि १९६४ मध्ये एक तासाचा.

हात कसे धरायचे? प्रसादाच्या सवयीने आपला उजवा हात वर येतो. इथे डावा वर, उजवा खाली, तळवे उघडे आणि सपाट, छातीच्या उंचीला. फादर 'ख्रीस्त का शरीर' म्हणतात, तुम्ही ऐकू येईल असं 'आमेन' म्हणा. मग एक पाऊल बाजूला सरकून उजव्या हाताने उचला आणि तिथेच तोंडात घाला. डावखुऱ्यांनी उलट. हातात घेऊन जागेवर चालत जायचं नाही, कपाळाला लावायचं नाही, मुलाला तुकडा द्यायचा नाही. मग तळव्यावर एखादा कण राहिला का ते बघा, राहिला असेल तर तोही घ्या. जिभेवर घ्यायचा असेल तर हात जोडून तोंड नीट उघडा. भाकर द्राक्षारसात बुडवून देत असतील तर ती जिभेवरच घ्यावी लागते.

भाकर फक्त गहू आणि पाण्याची, बिनखमिराची असते. तांदळाची किंवा अजिबात ग्लुटेन नसलेली चालत नाही. ज्यांना सिलिअॅकसारखा, गहू न चालण्याचा आजार आहे त्यांनी फादरांना आधी सांगावं. कमी ग्लुटेनच्या भाकरीला परवानगी आहे, किंवा नुसता द्राक्षारस घेता येतो. ख्रिस्त दोन्हींत पूर्ण असतो, त्यामुळे अर्धवट मिळालं असं होत नाही.

पाण्याचा थेंब

मिस्सेच्या मध्यात एक छोटी क्रिया होते, जिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं, कारण त्याच वेळी दानाची पिशवी फिरत असते. फादर चषकात द्राक्षारस ओततात आणि त्यात पाण्याचे एक-दोन थेंब टाकतात. कधी लहान चमच्याने, कधी कुपीतून. हलक्या आवाजात म्हणायच्या प्रार्थनेत अर्थ आहे: ज्याने आपलं माणूसपण घेतलं त्याच्या देवपणात आपल्याला वाटा मिळो. तो थेंब म्हणजे आपण. पडल्यावर तो परत वेगळा काढता येत नाही.

दुःख अर्पण करायचं, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखाला जोडून देवाला द्यायचं, ते इथे. आणि नाव घेऊन. 'माझी सगळी दुःखं' असं मोघम म्हटलं की मन कुठेच टेकत नाही. 'गुडघ्याचं दुखणं', 'मुलाचा सहा महिने न आलेला फोन', 'त्या माणसाला माफ करता येत नाहीये ही गोष्ट', असं एक वाक्य मनात ठरवून या. दानाची पिशवी फिरायला लागली की ते म्हणा, मग चषकाकडे बघा. कोणासाठी अर्पण करतोय तेही सांगा, एक माणूस, नावानिशी. पौलाने कलस्सैकरांना लिहिलं आहे की ख्रिस्ताच्या दुःखातलं जे उणं आहे ते मी माझ्या देहात भरून काढतो. ख्रिस्ताचं दुःख अपुरं पडलं असा त्याचा अर्थ नाही, आपल्यासाठी तिथे जागा ठेवली आहे असा आहे. दुसऱ्या जॉन पॉल पोपनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखाच्या अर्थावर एक पूर्ण पत्रच लिहिलं, त्याचा गाभा हाच.

आपल्याकडे दुःखाला पटकन 'भोग' म्हणतात. मागच्या जन्मीचे, नाहीतर आईवडिलांच्या पापाचे. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी येशूला हेच विचारलं, तेव्हा त्याने 'याने पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही' असं सरळ उत्तर दिलं. आजाऱ्याच्या खाटेजवळ बसून 'काहीतरी केलं असशील' असं म्हणू नका, आणि 'हा तुझा क्रूस आहे' असंही नका म्हणू. तो शब्द ज्याचा त्याने स्वतःहून उच्चारायचा असतो.

औषध घ्या, वेदनाशामक घ्या, चर्चचा त्याला विरोध नाही. दुःख शोधत हिंडायचं नसतं. आणि नवरा मारतो, तर तो क्रूस म्हणून सोसायचा नाही. घराबाहेर पडा, मदत मागा, तक्रार करा. क्षमा आणि तक्रार दोन्ही एकाच वेळी करता येतात.

याचं उदाहरण इंदूरच्या रस्त्यावरच आहे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये सिस्टर राणी मरिया यांना भोसकून मारण्यात आलं. गरिबांना सावकारीतून सोडवण्याचं त्यांचं काम काहींना खुपत होतं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली, म्हणजे न्याय थांबला नाही. २००२ साली त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही धर्मभगिनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. त्याने पश्चात्ताप केला, सिस्टरांच्या कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले आणि २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच सिस्टरांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. उदयनगरला त्यांच्या कबरीवर जाता येतं. चालीसा काळात एक दिवस काढून जाण्यासारखी जागा आहे.

घरी आजारी माणूस असेल तर

जो चर्चला येऊ शकत नाही त्याच्यासाठी परमप्रसाद घरी येतो, पण मागावा लागतो. पुष्कळ चर्चमध्ये फादर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी फिरतात. आधी नाव नोंदवा आणि पत्त्याबरोबर जवळची खूण सांगा. कन्फेशन करायचं असेल तर तेही सांगा, त्या वेळी घरच्यांनी खोलीबाहेर जावं. गंभीर आजार किंवा मोठं ऑपरेशन असेल तर तेलाचा संस्कारही (फादर आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करतात तो) मागा. 'शेवटचं तेल' म्हणून घाबरून लोक बेशुद्धीपर्यंत थांबतात, आणि मग रुग्णाला ना बोलता येतं ना गिळता येतं. तो संस्कार आजाऱ्याचा आहे, पुन्हाही घेता येतो.

खाटेजवळ एक छोटं टेबल ठेवा. त्यावर पांढरं स्वच्छ कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या (ऑक्सिजन चालू असेल तर पेटवू नका), पाण्याचा पेला आणि चमचा. टीव्ही बंद, पंखा हळू. घास अडकत असेल तर फादरांना आधी सांगा, ते अगदी लहान तुकडा देतात आणि मागोमाग चमच्याने पाणी. अजिबात गिळता येत नसेल तर द्राक्षारसाचे काही थेंबही देता येतात, पण त्याची तयारी मिस्सेतच करावी लागते, म्हणून एक दिवस आधी कळवा.

नंतर फादर बोटं ज्या पाण्यात बुडवतात ते बेसिनमध्ये ओतू नका. रुग्णाला प्यायला द्या, नाहीतर गॅलरीतल्या कुंडीत, मातीत.